गीझर, पंप आणि २०१ व्होल्ट: भागाकार नेमका कशाचा?

प्रश्न थोडक्यात असा आहे. घरच्या गीझरवर ‘२००० वॅट, २३० व्होल्ट’ असं छापलंय. संध्याकाळी व्होल्टेज मोजलं तर २०१ भरलं आणि क्लॅम्प मीटरवर (वायरीभोवती जबडा अडकवून करंट मोजायचं मीटर) ७.६ अँपिअर आले. गुणाकार केला तर १५२८ वॅटच होतात, मग गीझर खराब झालाय का? दुसरं म्हणजे घरापासून १४० मीटरवर विहिरीत एक एचपीचा सिंगल फेज पंप आहे, दीड चौरस मिमीच्या तांब्याच्या वायरवर. तो चालू असताना घरातल्या बोर्डावर २०१ व्होल्ट आणि ७.९ अँपिअर दिसतात. भागाकार २५.४ ओहम येतो, पण मल्टीमीटर वाइंडिंगचा (मोटरमधल्या तारेच्या वेटोळ्यांचा) रोध ३.८ ओहम दाखवतो. यातलं खरं कुठलं? आणि व्होल्ट गुणिले अँपिअर १५८८ होतात, म्हणजे एक एचपी सांगून दोन एचपीचा पंप गळ्यात मारलाय का?

आधी उत्तर सांगतो, मग कारणं. गीझर ठणठणीत आहे. पंप दोन एचपीचा नाही. उलट तो धड एक एचपी तरी देतोय का, याचीच मला शंका आहे. आणि तुमचे दोन्ही ओहम खरे आहेत, फक्त ते दोन वेगळ्या गोष्टींचे आहेत.

सूत्रं दोनच पाठ ठेवा. व्होल्ट भागिले अँपिअर म्हणजे ओहम, आणि व्होल्ट गुणिले अँपिअर म्हणजे वॅट. आयटीआयच्या वहीत बारा सूत्रांचं चक्र काढायला लावतात, पण त्यातली बाकीची दहा या दोघांतूनच निघतात. अँपिअरच्या जागी ‘व्होल्ट भागिले ओहम’ घातलं की वॅट म्हणजे व्होल्टचा वर्ग भागिले ओहम. व्होल्टच्या जागी ‘अँपिअर गुणिले ओहम’ घातलं की वॅट म्हणजे अँपिअरचा वर्ग गुणिले ओहम. गणित एवढंच. गोंधळ होतो तो सूत्रात घातलेला आकडा कुठे मोजला, कधी मोजला आणि कशावर मोजला, हे न बघता घातल्यामुळे.

आता गीझर. छापलेले २००० वॅट हे २३० व्होल्ट मिळाले तरच आहेत. त्यावरून कॉइलचा रोध काढा: २३० चा वर्ग ५२९००, भागिले २०००, म्हणजे २६.४५ ओहम. तुमच्या मोजमापावरून काढा: २०१ भागिले ७.६, म्हणजे पुन्हा २६.४५. कॉइल जशीच्या तशी आहे, कमी पडलंय ते व्होल्टेज. गीझरची तार निक्रोमची असते आणि निक्रोमचा रोध तापल्यावर फार थोडा वाढतो. म्हणून मेन स्विच बंद करून, गीझरच्या दोन्ही वायरी सोडवून थंड कॉइल मल्टीमीटरने मोजलीत तरी २६ च्या आसपासच आकडा येईल. स्वस्तातल्या मीटरच्या प्रोबमध्येच अर्धा ओहम असू शकतो. आधी प्रोब एकमेकांना टेकवून येणारा आकडा बघा आणि तो वजा करा.

व्होल्टेज २३० वरून २०१ झालं, म्हणजे साडेबारा टक्के घटलं, पण वॅट जवळपास चोवीस टक्के घटले. वर्ग येतो तो असा. व्होल्टेज कमी झालं की करंटही कमी होतो, आणि वॅट म्हणजे त्या दोघांचा गुणाकार. पंधरा लिटर पाणी २५ अंशांवरून ६० अंशांवर न्यायला सुमारे २२०० किलोज्यूल लागतात. पूर्ण २००० वॅटवर ते काम १८ मिनिटांचं, १५२८ वॅटवर २४ मिनिटांचं. युनिट मात्र दोन्ही वेळा तेवढेच, ०.६१ च्या आसपास. ‘लो व्होल्टेजमुळे गीझर बिल खातो’ असं लोक म्हणतात त्यात तथ्य नाही. जास्त वेळ तापत राहिल्याने टाकीच्या अंगातून थोडी उष्णता जास्त निसटते, एवढाच फरक.

थंड रोध मोजून वॅट काढायची ही युक्ती गीझर, इस्त्री, पाणी तापवायचा रॉड, कॉइलची शेगडी यांनाच लावा. जुन्या पिवळ्या बल्बला लावलीत तर फसाल. १०० वॅटच्या बल्बचा रोध गणिताने ५२९ ओहम येतो आणि मल्टीमीटर चाळीसच्या आसपास किंवा त्याहून कमी दाखवतो. मीटर खोटं बोलत नाही. टंगस्टनची तार अडीच हजार अंशांच्या वर तापते तेव्हा तिचा रोध तेरा-चौदा पट झालेला असतो. बटण दाबल्या क्षणी तार थंड असते म्हणून क्षणभर पाच-सहा अँपिअर जातात. तो बल्ब नेमका लावतानाच का उडायचा, याचं उत्तर यात आहे. एलईडी बल्बचा तर भागाकार करूच नका. बऱ्याच एलईडी बल्बांतला सर्किट बोर्ड व्होल्टेज कमी झालं तर करंट वाढवून घेतो, तिथे ‘रोध’ म्हणून येणारा आकडा कशाच्याही उपयोगाचा नाही.

आता तुम्ही न विचारलेला, पण विचारायला हवा होता असा प्रश्न: हे २९ व्होल्ट गेले कुठे? इथे ओहमचा नियम खरा कामाला येतो. गीझर बंद ठेवून बोर्डावर व्होल्टेज बघा, मग गीझर लावून बघा. समजा बंद असताना २०९ आहे आणि लावल्यावर २०१. पडलेले ८ व्होल्ट भागिले ७.६ अँपिअर, म्हणजे साधारण १.०५ ओहम. हा झाला डीपीपासून (गावच्या ट्रान्सफॉर्मरपासून) तुमच्या बोर्डापर्यंतच्या सगळ्या तारांचा आणि जोडांचा मिळून रोध. उरलेले २१ व्होल्ट गीझर लावण्याआधीच गायब होते. ते गावच्या लोडचं आणि लांबलचक लाइनचं देणं. शेजारी त्याच वेळी पिठाची गिरणी सुरू झाली तर आकडा बिघडतो, म्हणून चालू-बंद तीन-चार वेळा करा आणि जुळणारे आकडे धरा.

खुद्द ओहमची अडचणही हीच होती. जॉर्ज ओहम जर्मनीत कोलोनला शाळामास्तर होता. सुरुवातीच्या प्रयोगांत त्याने त्या काळच्या बॅटऱ्या वापरल्या, पण करंट घेतला की त्यांचं व्होल्टेज ढासळायचं आणि आकडे जुळेनात. मग त्याने बिस्मथ आणि तांब्याची जोडी घेतली, एक सांधा उकळत्या पाण्यात आणि दुसरा बर्फात ठेवला, आणि त्यातून येणाऱ्या स्थिर व्होल्टेजवर मापं घेतली. १८२७ साली नियम पुस्तकात छापून आला. आपल्याकडे संध्याकाळी सातला तेवढी स्थिरता मिळणं अवघड, पण प्रत्येक मापाच्या वेळी व्होल्ट आणि अँपिअर दोन्ही एकाच क्षणी टिपले तर निम्मा गोंधळ मिटतो. सकाळचं व्होल्टेज आणि संध्याकाळचा करंट यांचा गुणाकार करणारे लोक मी पाहिलेत.

या १.०५ ओहमला क्षुल्लक समजू नका. गीझर चालू असताना त्यात ८ गुणिले ७.६, म्हणजे ६१ वॅट जळतात. ते शंभर मीटर तारेवर पसरलेले असतील तर तार कोमट होईल, बाकी काही नाही. पण यातला अर्धा ओहम एकाच ढिल्या जोडात असेल, समजा सॉकेटच्या स्क्रूखाली, तर ७.६ चा वर्ग गुणिले ०.५, म्हणजे २९ वॅट त्या एका स्क्रूवर. २५ वॅटचं सोल्डरिंग आयर्न बोर्डाच्या आत कायम लावून ठेवल्यासारखं आहे ते. आधी प्लास्टिक पिवळं पडतं, मग तपकिरी, मग वास. फ्यूज किंवा एमसीबी यात काहीच करत नाही, कारण करंट वाढलेलाच नाही, उलट किंचित कमी झालाय.

इथे नवशिके हमखास अडखळतात. एका सूत्रात ओहम खाली आहेत आणि दुसऱ्यात गुणायला आहेत, मग रोध वाढला की उष्णता वाढते की घटते? ठरलेलं काय आहे ते बघा. गीझरच्या दोन टोकांवर व्होल्टेज ठरलेलं असतं, म्हणून कॉइलचा रोध कमी तितके वॅट जास्त. ढिल्या जोडातून जाणारा करंट गीझरने ठरवलेला असतो, जोडाने नाही, म्हणून जोडाचा रोध जास्त तितके वॅट जास्त. जोडाचा रोध वाढत वाढत गीझरच्या बरोबरीला आला तरच हे पारडं फिरतं, आणि तोवर बोर्ड शाबूत राहिलेला नसतो. व्होल्टचा वर्ग लावायचा की अँपिअरचा, हे ठरवायचा यापेक्षा सोपा मार्ग मला माहीत नाही.

आता पंपाकडे येऊ. ३.८ ओहम हा वाइंडिंगच्या तांब्याच्या तारेचा रोध आहे, आणि तो बरोबरच आहे. पण मोटर म्हणजे नुसती तार नाही. नुसती तार असती तर २०१ भागिले ३.८, म्हणजे ५३ अँपिअर गेले असते आणि पाचव्या मिनिटाला धूर निघाला असता. मोटर फिरायला लागली की वाइंडिंगमध्ये उलटं व्होल्टेज तयार होतं, ते लाइनच्या व्होल्टेजला अडवून धरतं, म्हणून करंट ७.९ वर थांबतो. रोटर, म्हणजे मोटरचा फिरणारा भाग, जाम झाला तर हा अडथळा बराचसा नाहीसा होतो आणि करंट पाच-सहा पट होतो. पंपात वाळू अडकल्यावर मोटर जळते ती त्यामुळे. तुमचे २५.४ ओहम म्हणजे तांब्याचा रोध, हा अडथळा आणि घरापासून विहिरीपर्यंतची वायर या सगळ्यांची गोळाबेरीज आहे. त्याला इम्पीडन्स म्हणतात. त्यातून वॅट काढता येत नाहीत.

वॅट काढता येत नाहीत कारण मोटरमध्ये व्होल्टेज आणि करंट एकाच ताला-सुरात चालत नाहीत, करंट मागे रेंगाळतो. व्होल्ट गुणिले अँपिअर केले की येतात ते व्होल्ट-अँपिअर. त्यांना पॉवर फॅक्टरने गुणलं की खरे वॅट. गीझरचा पॉवर फॅक्टर १ असल्यामुळे तिथे हे लक्षात येत नाही. लहान सिंगल फेज मोटरचा ०.७ ते ०.९ च्या दरम्यान कुठेही असू शकतो, अंदाजाने घालू नका. तुमच्या भिंतीवरचं वीजमीटर हे वॅट मोजायचं सगळ्यात भरवशाचं यंत्र आहे. घरातलं बाकी सगळं बंद करा, फक्त पंप चालू ठेवा. मीटरवर एका युनिटला किती ब्लिंक ते छापलेलं असतं, समजा ३२००. लाल दिव्याच्या दहा ब्लिंकना किती सेकंद लागतात ते मोबाइलवर मोजा. समजा ९.४ सेकंद आले. एक युनिट म्हणजे ३६ लाख ज्यूल, म्हणून एका ब्लिंकला ११२५ ज्यूल, दहाला ११२५०. भागिले ९.४, म्हणजे सुमारे ११९७ वॅट. भागिले १५८८, पॉवर फॅक्टर ०.७५. पहिला ब्लिंक ‘शून्य’ म्हणून मोजा, नाहीतर नऊच भरतात.

आता हे ११९७ वॅट खर्च कुठे होतात ते बघा. दीड चौरस मिमी तांब्याच्या वायरचा रोध किलोमीटरला सुमारे १२.१ ओहम. विहीर १४० मीटरवर असली तरी करंट जातो आणि परत येतो, म्हणजे २८० मीटर धरायचे. हा दुप्पट करायचा भाग विसरणारे खूप. रोध ३.३९ ओहम. ७.९ चा वर्ग ६२.४, गुणिले ३.३९, म्हणजे २११ वॅट वाटेतच संपले. वाइंडिंगचे ३.८ ओहम थंड असतानाचे आहेत. तासभर चाललेल्या मोटरचे ४.९ झाले असतील तर ६२.४ गुणिले ४.९, अंदाजे ३०६ वॅट तांब्यात. (अंदाजे म्हणतो कारण अशा मोटरमध्ये कंडेन्सरवरचं दुसरं वाइंडिंगही असतं आणि करंट दोघांत वाटला जातो.) राहिले ६८० वॅट. त्यातून लोखंडाची तापवणूक, बेअरिंग आणि पंख्याचा खर्च जायचा. एक एचपी म्हणजे शाफ्टवर मिळणारे ७४६ वॅट, मीटरवर मोजलेले नव्हे. इथे शाफ्टवर ६८० ही पोचत नाहीत, तेव्हा दोन एचपीचा पंप गळ्यात मारलेला नाही.

व्होल्टेज कमी झालं की गीझर गरीब होतो आणि करंट कमी घेतो. पंपाचं उलटं. पाणी तेवढंच उचलायचं असेल तर मोटर कमी व्होल्टेजला जास्त करंट ओढते, आणि तांब्यातली उष्णता करंटच्या वर्गाने वाढते. माझ्या वाइंडिंगच्या दुकानात उन्हाळ्यात येणाऱ्या जळक्या मोटरी बहुतेक याच वाटेने आलेल्या असतात. करंट मर्यादेबाहेर गेला की मोटर बंद करणारा ओव्हरलोड रिले दहा अँपिअरला लावून ठेवलेला असतो, ‘सारखा ट्रिप होतो’ म्हणून.

४.९ हा आकडा मी उदाहरणापुरता धरला, पण तुमच्या मोटरचा तुम्हाला मोजता येतो, आणि मोटर आतून किती तापली हे शोधायची तीच रीत आहे. सकाळी थंड मोटरचा रोध मोजा आणि त्या वेळचं तापमान लिहा, समजा २८ अंशांना ३.८. तासभर चालवून बंद करा, मेन काढा, कंडेन्सर डिस्चार्ज करा आणि लगेच पुन्हा मोजा, समजा ४.९. तांब्यासाठी ठरलेला आकडा २३४.५ आहे. त्यात २८ मिळवा, २६२.५. त्याला ४.९ ने गुणून ३.८ ने भागा, ३३८.५. त्यातून २३४.५ वजा करा: १०४ अंश. बी क्लासच्या इन्सुलेशनची मर्यादा १३० अंश असते, म्हणजे अजून जळत नाही, पण मे महिन्यात फार उसंत राहणार नाही. इथे मात्र एका दशांश ओहमने उत्तर सात अंशांनी हलतं, तेव्हा दोन्ही वेळा तेच मीटर आणि तेच प्रोब वापरा. मीटर दशांशापर्यंत नीट दाखवत नसेल तर हा प्रयोग करू नका.

वायरबद्दल अजून एक बारकावा सांगायला हवा, कारण तुम्ही मोजायला गेलात की आकडे जुळणार नाहीत. ७.९ गुणिले ३.३९ म्हणजे वायरवर २७ व्होल्ट पडतात. पण घरचं २०१ आणि विहिरीवरचं व्होल्टेज यांतला फरक मीटरवर २० च्या आसपासच दिसेल, पंपाला १८१-१८२ मिळताना दिसतील. करंट मागे रेंगाळत असल्यामुळे हे २७ व्होल्ट थेट वजा होत नाहीत, पॉवर फॅक्टरच्या प्रमाणात होतात. म्हणून मोटर चालवून वायरचा रोध काढायच्या फंदात पडू नका. विहिरीवर पंप बंद ठेवून हजार वॅटची जुनी इस्त्री लावा. तिचा पॉवर फॅक्टर १, तिथे सरळ वजाबाकी चालते. घरी २०१, विहिरीवर १८९ आणि करंट ३.५७ अँपिअर असेल तर १२ भागिले ३.५७, म्हणजे ३.४ ओहम. गणिताशी जुळलं, वायर आणि जोड चांगले आहेत. पण हाच आकडा पाच आला तर दीड-पावणेदोन ओहम कुठल्यातरी पिळून टेप मारलेल्या जोडात बसलेत. पंप चालू असताना तिथे शंभर वॅटची उष्णता होतेय. बांधावरच्या गवतातला जोड आधी तपासा.

जोड चांगले निघाले तर वायर बदला. चार चौरस मिमी तांब्याचा रोध किलोमीटरला ४.६१ ओहम, २८० मीटरला १.२९. वाटेतला खर्च २११ वरून ८० वॅटवर येतो आणि पंपाला दहा-बारा व्होल्ट जास्त मिळतात. व्होल्टेज वाढल्यावर करंटही थोडा उतरेल, तो फायदा वेगळा. ॲल्युमिनियम घेणार असाल तर त्याच मापाची घेऊन चालणार नाही, रोध तांब्याच्या दीडपटीहून जास्त असतो. चारच्या जागी सहा चौरस मिमी तरी घ्या.

थ्री फेजवाल्यांसाठी एवढंच: वॅट म्हणजे १.७३२ गुणिले दोन फेजमधलं व्होल्टेज गुणिले एका फेजचा करंट गुणिले पॉवर फॅक्टर. तीन फेजचे करंट मिळवून गुणाकार करू नका.

मोजताना काय जपायचं ते. क्लॅम्प मीटरच्या जबड्यात एकच वायर घ्या. फेज-न्यूट्रल दोन्ही घेतल्या तर शून्य दिसेल आणि तुम्ही मीटरला शिव्या द्याल. करंट फार कमी असेल तर तीच वायर जबड्यातून पाच वेळा गुंडाळा आणि आलेल्या आकड्याला पाचने भागा. साध्या मल्टीमीटरचा लाल प्रोब अँपिअरच्या भोकात ठेवून कधीही सॉकेटमध्ये घालू नका, ते सरळ शॉर्ट सर्किट आहे. ओहम मोजताना लाइन बंद हवी, आणि नुसतं बटण बंद करून भागत नाही. बऱ्याच घरांत बटण न्यूट्रलवर लावलेलं सापडतं. विहिरीवर ओल्या पायांनी चालू लाइनचं मोजमाप करायचं असेल तर ते काम वायरमनला द्या.

पहिल्यांदा गीझर बंद-चालू करून बोर्डावरचे दोन आकडे घ्या. गीझर बंद असतानाच २१० च्या खाली असेल तर तुमच्या घरात शोधण्यासारखं फारसं काही नाही. तीन-चार संध्याकाळचे आकडे वेळेसकट लिहा आणि वीज कार्यालयात लेखी अर्ज द्या, ‘व्होल्टेज कमी येतं’ या तोंडी तक्रारीपेक्षा त्या कागदाची दखल लवकर घेतली जाते. गीझर बंद असताना २२५ आणि लावल्यावर २०१ असेल तर मात्र मीटरपासून सॉकेटपर्यंतचा एकेक स्क्रू आवळायला घ्या, मेन काढून.